डाऊन, पण आऊट नाही!

वीकेण्डला थळ गाठायचंय? मग प्ले-लिस्ट नंतर, आधी खालचा गिअर नीट टाकायला शिका!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातलं शेवटचं मेल गेलंय, चार जणांचं कॉन्ट्रिब्युशन जमलंय आणि गाडीत चिप्सची पाकिटं पडलीयत. प्लॅन एकदम सिंपल. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग आणि तिथून थोडं उत्तरेला थळ. सकाळी डोळे उघडले की समोर खांदेरी-उंदेरी! १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला खांदेरी आता २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जाऊन बसलाय, म्हणजे फोटो टाकायला आणखी एक कारण. कोळीवाड्यातली ताजी मासळी, आरसीएफच्या कारखान्याच्या चिमण्या, संध्याकाळचं लाल पाणी... सगळं डोळ्यांसमोर आहे ना?

आता एक प्रश्न. या सगळ्या प्लॅनमध्ये तुमच्या गाडीचा गिअर कुठे आहे?

हसू नका, बॉस! सिटी ड्रायव्हिंगमध्ये आपण गिअर वर टाकायला पटकन शिकतो. पहिला, दुसरा, तिसरा... खट् खट् खट्. पण खाली येताना? बहुतेक जण ब्रेक दाबतात, गाडी रडायला लागली की क्लच दाबतात आणि मग जमेल तो गिअर कोंबतात. गाडी गचका खाते, मागच्या सीटवरचा मित्र 'अरे हळू!' म्हणून ओरडतो, आणि आपण गाडीला शिव्या घालतो. सिग्नलपुरतं हे खपून जातं. पावसात भिजलेल्या उतारावर खपत नाही.

नियमात आहे, सिलॅबसमध्ये नाही

गंमत म्हणजे ही काही रेसिंगवाल्यांची खास करामत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ काढून बघा. लायसन्सच्या टेस्टमध्ये उमेदवाराला काय काय यायला हवं याची यादी पंधराव्या नियमात आहे. उतारावर पटकन खालच्या गिअरमध्ये येता आलं पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. चढावर गाडी मागे न घसरता उचलण्याच्या बरोबरीनं!

आता तुमची टेस्ट आठवा. सपाट ग्राउंड, आठाचा आकडा, थोडं रिव्हर्स आणि 'झालं, जा.' शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलचा तरी काय दोष? दादरला किंवा कोथरूडला शिकवणाऱ्यानं पंधरा दिवसांच्या कोर्समध्ये घाट आणायचा कुठून? त्यामुळे होतं काय, की खऱ्या उताराची पहिली प्रॅक्टिकल आपण थेट वीकेण्डला देतो. तीही मित्रांना गाडीत बसवून.

वीस लिटर पाणी उकळेल!

पुण्याहून थळला येणाऱ्यांचं उदाहरण घेऊ. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत तुमची गाडी साधारण पाचशे मीटर खाली उतरते. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून तेराशे किलो धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिच्यात वीस लिटरहून जास्त पाणी उकळून निघेल. म्हणजे आंघोळीची एक मोठी बादली, फुल्ल!

ही उष्णता कुठे तरी जायला हवी. थोडी वारा खातो. बाकीची एक तर इंजिन घेतं, नाही तर तुमचे ब्रेक. तुम्ही टॉप गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलात, तर जवळजवळ सगळा भार चार चाकांमधल्या डिस्क, पॅड आणि लायनरवर येतो. ते तापतात. तापले की त्यांची पकड कमी होते. पकड कमी झाली की आपण अजून दाबतो. दाबलं की अजून तापतात. पुढचं सांगायला नको.

त्यात भर ब्रेक ऑइलची. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं कोरं डॉट-३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही आणि डॉट-४ तर २३० अंशांपर्यंत. पण ओल शिरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, ब्रेक दाबले जात नाहीत. पाय थेट खाली जातो... स्पंजावर ठेवल्यासारखा! कोकणची दमट हवा आणि तीन-चार वर्षं न बदललेलं ऑइल हे कॉम्बिनेशन अजिबात कूल नाही.

कार्लेखिंड बोरघाटापुढे अगदी छोटी. पण ती येते तेव्हा मुंबईहून निघालेला माणूस दमलेला असतो आणि वडखळच्या ट्रॅफिकनं वैतागलेला असतो. 'आता काय, आलंच अलिबाग' म्हणून पाय सैल झालेला असतो. वळणाच्या पलीकडे मात्र कुणी तरी स्कूटरवरून पोराला शाळेतून घरी नेत असतं.

न्यूट्रलचा फंडा? फंडा नाही, फंदा!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक एक्स्पर्ट असतो. 'उतारावर न्यूट्रल टाक यार, पेट्रोल वाचतं!' हा त्याचा आवडता डायलॉग. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य असेलही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गणित उलटं आहे. गिअरमध्ये असताना तुम्ही अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढलात, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि कॉम्प्युटर इंधन तोडून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडं थोडं पेट्रोल पाजत राहावं लागतं. म्हणजे सेफ्टी गेली आणि पेट्रोलही गेलं.

इंजिनच बंद करणारे महाभाग तर त्याहून डेंजर. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि चुकून किल्ली बाहेर आली तर स्टिअरिंग लॉक!

पुण्याचा नवले पूल आठवतोय? कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथपर्यंत लांबलचक उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकनं कित्येक गाड्यांना ठोकरलं. आधी सगळे म्हणाले, ब्रेक फेल. प्राथमिक तपासात मात्र वेगळंच पुढे आलं. ब्रेक ठीक होते आणि ट्रक उतारावर न्यूट्रलमध्ये होता. थोडं डिझेल वाचवण्यासाठी!

जुन्या हायवेनं बोरघाट उतरताना अनेक जण शिंगरोबापाशी नाणं टाकतात. जरूर टाका. फक्त त्याच्या आधी गिअर टाका!

खाली येण्याचं गणित

मग खालचा गिअर टाकताना गचका का बसतो? उत्तर एका आकड्यात आहे.

साधारण छोटी पेट्रोल गाडी घ्या. ताशी ५० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये तिचं इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे मारतं. त्याच वेगाला तिसऱ्यात ते सुमारे २४०० हवेत आणि दुसऱ्यात सुमारे ३५००. आकडे गाडीगणिक थोडे बदलतील, पण सूत्र तेच. खालचा गिअर म्हणजे त्याच वेगाला जास्त फेरे.

आता तुम्ही क्लच दाबला. इंजिन सुटं झालं आणि त्याचे फेरे खाली घसरायला लागले. हजारावर आलेल्या इंजिनाला तुम्ही तिसऱ्यात जोडलंत. चाकं म्हणतायत २४००, इंजिन म्हणतंय १०००. या भांडणात मध्ये चिरडली जाते क्लच प्लेट आणि धक्का बसतो पुढच्या चाकांना. कोरड्या रस्त्यावर फक्त मान हलते. ओल्या रस्त्यावर, वळणात, पुढची चाकं क्षणभर घसरू शकतात. 'माझ्या गाडीत एबीएस आहे' असं म्हणू नका. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या सगळ्याच नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. पण एबीएस ब्रेकचा दाब सांभाळतं. इंजिननं चाकाला दिलेला झटका सांभाळणं हे त्याचं काम नाही.

उपाय? भांडण व्हायच्या आधीच समेट घडवा. क्लच दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलेटरला हलकीशी टिचकी द्या, फेरे वर आणा आणि मग क्लच सोडा. याला म्हणतात रेव्ह मॅचिंग. गॅरेजच्या भाषेत, 'रेस देऊन गिअर टाक.'

स्टेप बाय स्टेप बघू :

एक : वेग आधी ब्रेकनं कमी करा, तोही वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वेग कमी करणं हे पहिल्यांदा ब्रेकचंच काम आहे. गिअर तो वेग धरून ठेवतो.

दोन : ब्रेकवरून पाय उचला. क्लच पूर्ण दाबा, गिअर चौथ्यातून तिसऱ्यात.

तीन : क्लच दाबलेलाच. उजव्या पायानं अ‍ॅक्सिलेटरला छोटी टिचकी. 'व्रूम' नाही, फक्त 'व्रू'!

चार : फेरे वर आहेत तोवर क्लच सोडा. झटकन नाही, रेंगाळतही नाही.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं? शेजारी बसलेल्याला विचारा, 'गिअर कधी बदलला?' तो 'कधी?' म्हणाला, तर तुम्ही पास!

सुरुवातीला टिचकी कमी पडेल किंवा जास्त होईल. कमी पडली तर गाडी मान खाली घालते, जास्त झाली तर पुढे उडी मारते. दोन्ही वेळा गाडीच तुम्हाला मार्क देते. कान उघडे ठेवा, म्हणजे म्युझिक बंद!

आजोबांचा डबल क्लच

तुमच्या बाबांनी किंवा आजोबांनी फियाट चालवली असेल, तर त्यांना विचारा. डोळे चमकतील. जुन्या गिअरबॉक्समध्ये दाते आपोआप जुळत नसत, ते ड्रायव्हरला जुळवावे लागत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं आणि हे काम छोट्या कड्यांकडे गेलं. पण सगळीकडे एकदम नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या आपल्या प्रीमिअर पद्मिनीत वरच्या तीन गिअरना सिंक्रोमेश होतं, पहिल्याला नव्हतं. चालत्या गाडीत पहिला टाकायचा, तर हात-पाय-कान सगळं एका सुरात लागायचं. नाही तर गिअरबॉक्समधून अशी 'कर्रर्र' यायची की आख्ख्या गल्लीला कळायचं.

त्यावरचा इलाज म्हणजे डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल. क्लच सोडून रेस. पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. मग क्लच सोडा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यामुळे गिअरबॉक्सचा आतला शाफ्टही इंजिनाबरोबर वर येतो आणि दाते लोण्यासारखे बसतात.

आजच्या गाडीत याची रोज गरज नाही. फरक एवढाच लक्षात ठेवा, की साधं रेव्ह मॅचिंग क्लच प्लेटला वाचवतं आणि डबल क्लच सिंक्रोमेशच्या कड्यांनाही वाचवतं. एक लाखाच्या पुढे पळालेली, दुसरा गिअर टाकताना कुरकुरणारी सेकंड हॅण्ड गाडी तुमच्याकडे असेल, तर आजोबांचं टेक्निक आजही कामाला येतं. काळ्या-पिवळ्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तिचा डबल क्लच मात्र अजून निवृत्त झालेला नाही.

टाच आणि चवडा

आता यातलं सगळ्यात ग्लॅमरस प्रकरण, हील अ‍ॅण्ड टो. रेसिंगचे व्हिडिओ बघून सगळ्यांना हेच आधी शिकायचं असतं!

मुद्दा असा, की ब्रेक दाबत असतानाच खालचा गिअर टाकायचा आहे आणि टिचकीही द्यायची आहे. पेडल तीन, पाय दोन. मग उजव्या पायानं दोन कामं करायची. चवड्याचा डावा भाग ब्रेकवर घट्ट, आणि तोच पाय उजवीकडे थोडा कलवून अ‍ॅक्सिलेटरला टिचकी. नाव 'टाच आणि बोट' असलं, तरी बऱ्याच गाड्यांत टाचेपेक्षा पायाची बाजूच जास्त वापरली जाते. अवघड भाग टिचकीचा नाही, ब्रेकचा आहे. पाय कलवताना ब्रेकवरचा दाब जराही बदलता कामा नये. नवशिक्यांचा नेमका तोच बदलतो.

प्रामाणिक सल्ला? थळच्या ट्रिपसाठी याची गरज नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच योग्य गिअरमध्ये आलात, तर ब्रेक आणि गिअर एकाच वेळी सांभाळायची वेळ येत नाही. शिकायचंच असेल, तर आधी इंजिन बंद करून, उभ्या गाडीत, पन्नास वेळा फक्त पायाची हालचाल करा. गाडीतली पेडल दूर दूर असतील, तर नाद सोडा. आणि समुद्रावरून आलेल्या ओल्या चपला घालून तर अजिबात नको!

प्रॅक्टिस कुठे?

थळच्या किनाऱ्यावर? चुकूनही नाही! वाळूत चाक रुतलं की भरती तुमची वाट बघत थांबत नाही. खारं पाणी गाडीच्या खालच्या पत्र्याला, ब्रेकला आणि वायरिंगला खातं. शिवाय ते कोळीवाड्याचं अंगण आहे. तिथे होड्या असतात, जाळी असतात, मासळी वाळत असते, पोरं खेळत असतात. तुमच्या टेक्निकसाठी त्यांनी अंगण का सोडायचं?

बेस्ट म्हणजे रविवारी सकाळी लवकर, मोकळा सरळ रस्ता, मागे आरशात कुणी नाही आणि वेग चाळीसच्या आसपास. चौथा-तिसरा, चौथा-तिसरा, बस्स. तो हातात बसला की तिसरा-दुसरा. ताशी ४० ला तिसऱ्यात सुमारे १९०० फेरे, दुसऱ्यात सुमारे २८००. म्हणजे टिचकी जरा मोठी.

रो-रोनं येणार असाल, तर काम आणखी सोपं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरता येतं, म्हणजे घाट नाहीच. पण मांडव्याहून चोंढीमार्गे थळकडे येताना अरुंद वळणं, स्पीड ब्रेकर, वाडीतून अचानक रस्त्यावर येणारी सायकल, समोरून अंगावर येणारी एसटी... इथे दुसरा गिअर वेळेवर पडला, तर गाडी तुमच्या मुठीत राहते. दर वेळी कचकन ब्रेक आणि पुन्हा पहिला, हा जाच संपतो.

एक रेड सिग्नल मात्र लक्षात ठेवा. एका वेळी एकच गिअर खाली. शंभरच्या वेगाला चुकून दुसरा पडला, तर त्या छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन सात हजारांच्या पुढे फेकलं जाईल. इंजिनाचा लिमिटर इंधन तोडू शकतो, पण चाकांनीच फिरवलेल्या इंजिनाला तो रोखू शकत नाही. बिल बघून ट्रिपचे सगळे फोटो डिलीट करावेसे वाटतील.

'माझी तर ऑटोमॅटिक आहे!'

अभिनंदन, पण सुट्टी नाही. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणली आणि क्लचची कटकट हजारो पायांची सुटली. पण उतार तोच राहिला. तुमच्या गिअर लिव्हरवर 'एम', 'एल', 'एस' किंवा '२' असं काही असेल, तर ते डेकोरेशन नाही. 'डी'मध्ये गाडीला वाटतं तुम्ही निवांत आहात, म्हणून ती वरच्या गिअरमध्ये जाऊ शकते. घाट सुरू व्हायच्या आधी मॅन्युअल मोडमध्ये जा आणि खालचा गिअर धरून ठेवा. आणि हो, २००९ च्या निसान ३७०-झेडपासून काही मॅन्युअल गाड्या टिचकीसुद्धा स्वतःच देतात. आपल्या हॅचबॅकला ते लाड नाहीत, तर आपला पाय आहेच.

घाटासाठी झटपट टिप्स

* ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. जुना नियम आहे, आजही चालतो.

* ब्रेकवर सतत पाय घासू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा. मधल्या वेळात ब्रेकना वारा खाऊ द्या.

* अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. हा मॅनर्सचा मुद्दा आहेच, पण २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये तो नियमही आहे.

* जळका वास आला, पेडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल गेलं, तर पुढच्या मोकळ्या जागी थांबा. अर्धा तास चहा घ्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते.

* ब्रेक अगदीच लागेनात? पेडल पटापट पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हॅण्डब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला घ्या. इंजिन चालूच ठेवा.

* पावसाळ्याच्या आधी ब्रेक ऑइल तपासून घ्या. किती दिवसांनी बदलायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. हो, तेच पुस्तक, जे ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडलंय!

या सगळ्याला खर्च शून्य. नवं म्युझिक सिस्टिम नको, अ‍ॅलॉय व्हील्स नकोत, फक्त दोन-तीन रविवारच्या सकाळी हव्यात. गिअर जमला की पहिला फायदा मागच्या सीटला होतो, कारण तिथला दोस्त ओरडायचा थांबतो. दुसरा क्लच प्लेटला. आणि तिसरा त्या वळणापलीकडच्या स्कूटरवाल्याला, ज्याला तुम्ही कधी भेटणार नाही आणि ज्यानं तुमचं नावही ऐकलेलं नसेल. तुम्ही वेळेवर तिसऱ्यात आलात, म्हणून तो पोराला घेऊन नेहमीच्या वेळेला घरी पोचतो. त्याच्यासाठी तो एक साधा शुक्रवार असतो. तो साधाच राहू द्या.